पातं पातळ हाय!

देवाने ही सृष्टी घडवताना एकाच ठिकाणी हयगय केली, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं, आणि ते ठिकाण म्हणजे सुताराच्या रंध्यातलं पातं. रंध्याचं अंग अस्सल लाकडाचं, नातवंडांना पुरेल असं. आणि त्याच्या पोटातलं पातं बघावं तर पत्र्यासारखं, फळीवर फिरवलं की हिवताप भरल्यागत थरथरणारं! ते पाहून आतोबांचा जीव असा गलबलायचा, की बघणाऱ्याला वाटावं, घरातलंच कुणी आजारी आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सोलापुरातल्या एका गिरणीत टाइमकीपर. सुतारकी त्यांच्या घराण्यात कुणी केली नव्हती, आणि स्वतः त्यांनी जन्मात एक पाटसुद्धा केला नाही. जुन्या रंध्यांना जाड पाती बसवणं, एवढंच त्यांचं व्रत. मोटारीच्या तुटक्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा आणायचा, न्हाणीघरातल्या बंबात लाल करायचा आणि पोलादाला पाणी द्यायचं म्हणून आत्याच्या करडीच्या तेलाच्या बरणीत चर्रकन बुचकळायचा. त्या आठवड्यात आमटीला लोहाराच्या भट्टीचा वास यायचा. कुणी नाक मुरडलं की आत्या म्हणायची, "खावा गपगुमान. रगात वाढतंय." पण एके दिवशी विळीचं पातंच नाहीसं झालं, तेव्हा मात्र तिने अख्खा भोपळा त्यांच्या ताटात वाढला.

गल्लीतले सुतार आतोबांना लांबून पाहताच रंधे पोत्याखाली सारायचे. मात्र ज्याने एकदा त्यांचं पातं बसवून घेतलं, तो सुतार तो रंधा सख्ख्या भावालाही द्यायचा नाही. यामुळे आतोबांचा आत्मविश्वास इतका वाढला, की माणसांचंही निदान ते त्याच शास्त्राने करू लागले. मॅनेजर उगाच खेकसला, शेजाऱ्याचा मुलगा मॅट्रिकला गचकला, की आतोबा शांतपणे सांगायचे, "पातं पातळ हाय, दुसरं काय न्हाय."

अशा माणसाला लेकीचं लग्न ठरवायला मैंदर्गीला पाठवायचं म्हणजे आत्याच्या जिवाला घोर. शांताच्या दोन सोयरिकी आधीच फिसकटल्या होत्या. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. आत्याने मला राखणीला सोबत दिलं. निघताना म्हणाली, "तितं रंध्याचं नाव काढलासा तर परत घरात पाऊल ठेवू नगा."

आतोबांनी नाव काढलं नाही. नाव काढायची वेळच आली नाही. मुलाच्या वडिलांनी, गावातल्या भारदस्त अडत्याने, आम्हांला बसवून देण्याघेण्याचा विषय काढला आणि आतोबांची नजर दाराकडे गेली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे अडकण ठेवली होती. ती अडकण म्हणजे एक जुना रंधा!

मी त्यांचा कोट धरला. कोट माझ्या हातात राहिला. आतोबा तोवर दाराशी उकिडवे बसले होते. त्यांनी रंध्याची पाचर ठोकून काढली, गंजलेलं पातं अंगणात भिरकावलं आणि कमरेला खोचलेलं नवं पातं नि कानस बाहेर काढली. पातं जाड, रंध्याचं तोंड अरुंद. आतोबा ते तोंड कानशीने घासून रुंद करू लागले.

"अवो, हे काय चालवलंय?" अडते गरजले. "माझ्या आज्याच्या हातचा रंधा हाय त्यो!"

"आज्याला माझा दंडवत," आतोबा मान वर न करता म्हणाले, "पण पातं पातळ हाय."

अडते उठून उभे राहिले. शांताची ही सोयरीकही गेली, असं समजून मी टोपी उचलली. इतक्यात कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला नवरामुलगा उठला, आतोबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "एवढं कानसू नगा. पाचरच थोडी तासू की."

आतून त्याची आई धावत आली. "अय्यो! ह्यो बोलतोय की! पावण्यांसमोर कवा तोंड उघडत न्हाय ह्यो!"

आतोबा नि मुलगा, दोघांनाही कुणाचीच शुद्ध नव्हती. पाचर बसली, फळी आली, रंधा फिरला आणि केसाच्या बटेसारखी लांबलचक ढलपी वळत वळत अडत्यांच्या पायांशी येऊन पडली. मुलगा हसला. त्याच्या हसण्याकडे बघत आई म्हणाली, "पोरगी कशीबी असू दे. व्याही ह्योच पायजे."

घरी आल्यावर आत्याने विचारलं, "देण्याघेण्याचं काय ठरलं? तारीख कुटली धरली?" आतोबा गोंधळून माझ्याकडे बघू लागले. त्या बोलण्यासाठी मला पुन्हा एकट्याला जावं लागलं.

पुढे आत्या गेली, आतोबांची नजर गेली, आणि ते जावयाकडे राहायला गेले. जावई अंगणात रंधा मारी, आतोबा खाटेवर पडून ऐकत. नुसत्या आवाजावरून सांगत, "थांब, गाठ आली." आणि पुढे बोटभर अंतरावर गाठ असायचीच.

आतोबा गेल्यावर वर्षभराने मी मैंदर्गीला गेलो. जावई फळी साफ करत होता. रंधा सरसर चालला होता, तो मध्येच थांबला. काही अडलंय का, असं मी विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "फुडं गाठ हाय. कुनीतरी थांब म्हनंल म्हनून जरा थांबतो."

मग त्याने खाली वाकून पुन्हा रंधा धरला.