‘मोकळं’ या शब्दाचं मी काय केलं

नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नाही. एकदा बहिणीजवळ तोंड उघडलं होतं, पण ऐन वेळी जीभ अडखळली आणि मी तिच्या मुलाच्या परीक्षेचं विचारत बसले. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. कदाचित म्हणूनच.

मी मराठीची शिक्षिका आहे. नंदुरबारहून रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं गाव, गावातच शाळा. माझ्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील टेम्पो चालवायचे. आई मिरचीचे व्यापारी असलेल्या मोठ्या शेठच्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. लाल मिरची वाळवायला पसरतात त्या उघड्या रानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. संध्याकाळी आई घरी आली की मी तिच्या जवळ जायचे नाही, कारण तिच्या हातांनी माझे डोळे चुरचुरायचे. हे मी का सांगते आहे? शेठ काही दूरचा माणूस नव्हता, एवढं कळावं म्हणून. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला वडिलांबरोबर शेठ स्वतः आले होते. फॉर्मवर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून वडील अडखळले, तेव्हा शेठ म्हणाले, “वाहतूक लिहा, वाहतूक. बरोबरच आहे ना?” वडील त्या दिवशी ताठ चालत घरी आले. ते मी विसरले नाही. विसरणारही नाही.

पण मला फुटबॉलबद्दल बोलायचं आहे. म्हणजे नानांबद्दल.

आमच्या गावात फुटबॉल कसा आला, याच्या चार गोष्टी आहेत आणि चारही वेगळ्या. आला एवढं खरं. गावाच्या कडेला पडीक जागा होती, अर्धी पंचायतीची आणि अर्धी शेठची. ती लोकांनी स्वतः सपाट केली. एका बाजूला दगड रचून बसायला पायऱ्या केल्या. मोठ्या आणि धाकट्या शेठनी क्लब काढला, पोरांना जर्सी दिल्या, नवापूरहून शिकवायला माणूस आणला. क्लबची नोंदणी दोघा भावांच्या नावावर झाली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. लोक त्यांना प्रेमाने ‘मालक’ म्हणायचे. पुढे तोच शब्द लोक दातओठ खाऊन म्हणायला लागले.

आणि नाना. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले शेतकरी. प्रत्येक मॅचच्या सकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारायचे, दोरी न लावता, आणि तरी रेघ सरळ. मॅचला बायका येत नसत. मी नववीत असताना एकदा कुंपणापाशी उभी राहून बघत होते. नाना म्हणाले, “तठे काय उभी शे, माय? इकडे ये. तुन्हं अक्षर चांगलं शे, गोल लिख.” त्यांनी माझ्या हातात खडू दिला. त्या दिवसापासून मी फळ्यावर गोल लिहू लागले. मग खेळाडूंची नावं, मग क्लबचे अर्ज, मग सभांची इतिवृत्तं. बी.ए. होईपर्यंत क्लबचं सगळं लिखाण माझ्याकडे आलं होतं. गाव अहिराणी बोलतं, पण कागदाला मराठी लागते. ती मराठी माझ्याकडे होती. त्याचा मला अभिमान होता — खूप होता. आता तो शब्द लिहितानाही थांबावं लागतं.

भांडण झालं ते असं. नंदुरबारच्या आजूबाजूला जिथे पथाऱ्या होत्या, तिथे प्लॉट पडू लागले, घरं उठू लागली. शेठना मिरची पसरायला जागा उरेना. त्यांनी ठरवलं की मैदानाची कायमची पथारी करायची, शेड बांधायची, आणि टीमने नंदुरबारला भाड्याच्या मैदानावर खेळायचं. त्या हिवाळ्यात एके दिवशी मॅच बघायला लोक आले, तर अर्ध्या मैदानावर मिरची पसरलेली. एका गोलच्या जाळीपाशी पोत्यांची थप्पी. लोक खवळले. दर रविवारी पायऱ्यांवर बसून घोषणा सुरू झाल्या — मिरची मंडीत, फुटबॉल मैदानात! धाकटे शेठ गाडीतून गेले की कुणीतरी ओरडायचं, “मालक, तुम्हना गोलकीपर मिरचीना ठसका लागीसन पडना!” आणि पायऱ्या हसायच्या. पण ते हसू रागाचं होतं. आपल्या हातांनी सपाट केलेली जमीन आपली नाही, हे कळल्याचा राग कसा असतो? मी तो जवळून पाहिला. मलाही तो येत होता. मग मिरचीचे देठ खुडणारी आई आठवायची, आणि माझा राग कुठे ठेवावा तेच कळायचं नाही.

पंचायतीची अर्धी जमीन खेळासाठी दिलेली होती. ती दुसऱ्या कामाला वापरायची, तर खेळ बघणाऱ्या गावकऱ्यांची हरकत नाही असं लेखी दाखवावं लागणार होतं. म्हणून शेठनी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. इतिवृत्त लिहायला मी.

धाकटे शेठ म्हणाले, “टीम काही बंद होत नाही. नंदुरबारला खेळेल. तुम्ही रिक्षाने या की.”

मागून आवाज आला, “रिक्षा का तुम्हना सासरा चालावस?”

हॉल हसला, मग पेटला. खुर्च्या सरकल्या. नाना उठले, हात वर केला, आणि लोक गप्प झाले. गावात तेवढं एकाच माणसाचं वजन होतं. नाना म्हणाले — शब्द न शब्द मला पाठ आहे — “शेठ, आम्हले भांडानं नही. तुम्ही आम्हले टीम दिधी, ते आम्ही इसरनूत नही. पन मैदान मोकळं करी द्या. आम्हनं इतलंच म्हननं शे.”

मोकळं करी द्या. मिरची उचला, पोती उचला, मैदान रिकामं करून आम्हाला द्या. दुसरा कुठला अर्थ होता का? त्या हॉलमध्ये बसलेल्या कुणासाठीही नव्हता. मी कच्च्या वहीत ते वाक्य होतं तसं, अहिराणीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्की प्रत करायला मी शेठच्या ऑफिसात गेले. मोठ्या शेठना तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी चहा मागवला. आईचं विचारलं. मग म्हणाले, “बेटा, नाना शेवटी काय म्हणाले? मैदान मोकळं करून देऊ, असंच ना?”

आवाजात जबरदस्ती नव्हती. त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं, की ते मला वाट दाखवत होते? मी नऊ वर्षं विचार केला, मला ठरवता आलेलं नाही. आणि खरं सांगू? त्याने काही फरक पडत नाही. त्यांच्या संस्थेच्या शाळेत मराठीची जागा निघाली होती. माझा अर्ज तिथे होता. शेठनी त्याचं नावही काढलं नाही. मीच काढलं — मनात.

मी म्हटलं, “हो.”

आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘प्रेक्षकांच्या वतीने नानांनी सांगितले की, मैदान मोकळे करून देण्यास आमची तयारी आहे.’ बघा, किती थोडं बदललं. शब्द तोच. फक्त देणारे आणि घेणारे उलटे झाले. व्याकरणात मला कधी इतके चांगले गुण मिळाले नव्हते.

सही घ्यायला मैदानावर गेले. उरलेल्या अर्ध्या मैदानावर नाना फक्की मारत होते, रविवारच्या मॅचसाठी. मी कागद पुढे केला. एकदा वाचून घ्या, असंही म्हटलं — हो, म्हटलं, म्हणजे मग दोष त्यांचा. नाना हसले. “तुन्हं अक्षर शे ना? मंग काय वाचानं?” त्यांनी सही केली. कागदाच्या कडेला त्यांच्या चुन्याच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. मी ते झटकले.

पंचायतीत कागद मोठ्याने वाचला गेला तेव्हा ओट्यावर, रस्त्यावर गर्दी होती. आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एकाने विचारलं, “नाना, हाई तुम्ही म्हनात?” नाना गोंधळले. त्यांनी गर्दीत मला शोधलं. “मी तं मोकळं करी द्या म्हनं. तूच लिखं ना, माय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथे मी खरं बोलू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. मी काय केलं? मी माझ्या शिकलेल्या मराठीत, सावकाश, समजावून सांगितल्यासारखं म्हटलं — नाना अहिराणीत बोलले. त्यांच्या बोलण्यातून जो अर्थ निघाला, तो मी प्रमाण भाषेत लिहिला. गावठी बोलण्यात असा घोटाळा होतो.

गावठी. ज्या बोलीत आई मला जेवायला हाक मारते, तिला मी गावासमोर तो शब्द लावला.

नानांना कळलं, तिथेच कळलं, याबद्दल मला शंका नाही. मग ते लोकांकडे वळून म्हणाले, “व्हई. मन्हाच तोंडमाईन तसं निंघनं व्हई.” माझ्याच तोंडून तसं निघालं असेल. त्यांनी मला वाचवलं. का वाचवलं? मी कधी विचारलं नाही. विचारायला त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

लोकांचा मालकांवरचा राग आठवडाभर टिकला. मग तो नानांकडे वळला. मालक लांब असतात, नाना गल्लीत होते. “नाना इकाई गया,” लोक म्हणाले — नाना विकला गेला. ज्यांना ते विकले गेले असं वाटलं नाही, त्यांनी नाव ठेवलं: मोकळे नाना. तेच चिकटलं. आता शाळेतली पोरंही म्हणतात. त्यांना कारण माहीत नाही. वर्गात कुणी म्हटलं की मी रागावते, आणि पोरांना वाटतं, बाई किती चांगल्या.

मैदानाची पथारी झाली. टीम दोन वर्षं नंदुरबारला खेळली, बघायला कुणी जाईना, मग मोडली. नाना कुठल्याच खेळाला, कुठल्याच सभेला गेले नाहीत. मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी शेठनी पेढे वाटले. मोठे शेठ आता अंथरुणावर आहेत. मी त्यांना भेटायला जाते, त्यांचे उपकार मानते, आणि ते खोटं नाही. एका माणसाचे उपकार मानताना दुसऱ्याचं नाव मातीत घालता येतं, एवढंच मला त्यातून समजलं.

या वर्षी गावात पुन्हा हालचाल सुरू झाली. शेठच्या मुलांनी मिरचीचा धंदा कमी केला, शेड रिकामी पडली. लोकांनी ठरवलं की मैदान परत मागायचं. अर्ज लिहायला ते माझ्याकडेच आले. “मॅडम, तुमच्या मराठीत लिहा. फक्त नानाला बोलायला पुढे करायचं नाही. मागच्या वेळी काय झालं, माहीत आहे ना?”

माहीत आहे ना.

मी बसले. पहिला मसुदा लिहिला, आणि त्यात लिहिलं की मागील इतिवृत्तातील संमतीचे वाक्य नानांचे नसून माझे आहे. ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पक्की प्रत केली आणि त्यात ते वाक्य घेतलं नाही. या वेळी नोकरी कायम आहे. शेठ काही करू शकत नाहीत. आई कुणाच्या पथारीवर जात नाही. भीती वाटावी असं एकही कारण उरलेलं नव्हतं. तरीही.

शाळेच्या ओसरीवर सह्या चालू होत्या. सगळ्यांच्या शेवटी नाना आले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ते थकले आहेत, काठी घेतात. ओसरीवरचे लोक जरा बाजूला सरकले, आदराने नाही. मी पेन पुढे केलं. नानांनी ते घेतलं नाही.

“वाची दाखाड,” ते म्हणाले.

मी अर्ज वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून, सावकाश. ते डोळे मिटून, एका कानावर हात धरून ऐकत होते. मी शेवटच्या ‘आपले नम्र’पर्यंत आले आणि थांबले. त्यांनी डोळे उघडले.

“इतलंच शे?”

मी मान डोलावली.

नानांनी पेन घेतलं आणि सही केली, सगळ्यांच्या खाली, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. मी अर्जाची घडी घातली आणि पंचायतीत नेऊन दिला.