पहारेकऱ्याने उडवलेला मेसेज

चष्मेवाल्याची बायको अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती, दुकानामागच्याच खोलीत. पुढे काच घासायची आणि मागून हाक आली की हात पुसत आत जायचं, असा त्याचा संसार. मन मोकळं करायला माणूस नाही, म्हणून एकदा तो फोनवरच्या कुठल्याशा गटात नावानिशी लिहून बसला, 'कधी कधी वाटतं, ही सुटावी.' ते नेमकं मेहुण्याच्या वाचनात आलं. त्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर याचे वाभाडे काढले आणि बोलणंच टाकलं.

मग याने स्वतःचाच गट काढला, आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्यांचा. नियम एकच, नाव-गाव-पत्ता काही लिहायचं नाही. कुणी लिहिलंच, तर पुसून टाकायला हा बसलेला. टोपणनाव घेतलं 'पहारेकरी', आणि पहाराही असा की सासुरवास परवडला! पण माणसं मोकळी झाली. कुणी रडलं, कुणी देवाला शिव्या घातल्या, कुणी सासूच्या अंगावर ओरडल्याचं कबूल केलं. बाहेर कुणालाच काही कळलं नाही.

त्यात एक 'मुंगी' होती. आईचं करता करता तिचं लग्नाचं वय उलटलं. पुढे आई गेली, तरी ती गटात राहिली. 'जेवलात का दादा?' असं विचारणारं त्याला तेवढंच माणूस उरलं होतं.

एका सकाळी काच घासत असताना तिचा मेसेज आला. त्यात दवाखान्याचं नाव दिसलं आणि सवयीच्या बोटाने तो पुसलाही. वाचलेलं डोक्यात शिरलं ते त्यानंतर. 'उद्या ऑपरेशन आहे. बायकांच्या वॉर्डात आहे. बाहेर बसायला कुणी नाही. येईल का कुणी?' माफी मागायला गेला, तर ती गट सोडून गेलेली. दवाखाना बसने तासाभरावर होता, आणि तो ठाऊक होता फक्त त्याला.

जायचं, तर बायकोपाशी कोण? मेहुण्याशिवाय कुणी नव्हतं. त्याने फोन लावला. माल आणायला जातोय म्हणून थाप मारता आली असती, पण जीभ उचलेना. गट, टोपणनाव, मुंगी, सगळं सांगून टाकलं.

"या वयात ही काय थेरं?" मेहुणा म्हणाला. मग म्हणाला, "किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या दारातच नर्सने अडवलं. "पेशंटचं नाव?"

"माहीत नाही."

"मग तुम्ही कोण त्यांचे?"

आई गेल्यावर ती कितीतरी दिवस दोन कप चहा करत होती, हे त्याला माहीत होतं. भुलीच्या सुईची तिला धास्ती आहे, हेही माहीत होतं. नाव तेवढं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात कधी आवाज न चढवणारा तो माणूस मोठ्याने म्हणाला, "इथे मुंगी कोण आहे? मी पहारेकरी."

सगळ्या खाटा वळून बघायला लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं. कोपऱ्यातली एक चांगली आडव्या अंगाची बाई कोपरावर उठली.

"माझा मेसेज तुम्हीच उडवलात ना?"

"हो. मीच."

ती त्याच्याकडे रागाने बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे भरले, आणि एकदम तिचा चेहरा बदलला.

"अहो दादा, मग वहिनींपाशी कोण आहे?"

"तिचा भाऊ. त्याला सगळं सांगून आलोय."

तिने पाय आखडून घेतले आणि त्याला बसायला जागा केली.