काळीजसरांची माळ

आमच्या शाळेत मराठी शिकवणारे काळीजसर हे मी आयुष्यात पाहिलेले सर्वांत घाबरट गृहस्थ. यात निंदा नाही. ते स्वतःच तसं सांगत. परळच्या नाक्यावर रस्ता ओलांडायचा असला की समोर दिसेल त्या विद्यार्थिनीला म्हणायचे, "जरा थांब गं, मला भीती वाटतेय. बरोबर जाऊ." कुत्रा, फटाक्यांची लड, शाळेचा लोखंडी जिना, मुख्याध्यापिकाबाई, सगळ्यांना ते घाबरत. आमच्या लालबागात पुरुषमाणूस असं काही बोलत नसे. त्यामुळे सर आम्हाला विनोदी वाटत, आणि थोडे परदेशीही. राहायचे मात्र जवळच, गिरगावात फणसवाडीत. तिथून रोज बसने यायचे, कंडक्टरच्या शेजारचीच जागा धरून.

काळीजसर हे नाव मुलींनी ठेवलेलं. वर्ग कोणताही असो, वर्षातून एक तास ते 'काळीज' या एकाच शब्दावर घालवत. फळ्यावर माणसाची ओबडधोबड आकृती काढायची, आणि विचारायचं, "काळीज कुठे असतं?" सगळ्या मुली छातीवर डावीकडे हात ठेवत. सर खडू घेऊन आकृतीच्या उजव्या बरगडीखाली फुली मारत. "इथे होतं. हे त्याचं मूळ गाव."

मग प्रवास सुरू व्हायचा. संस्कृतात यकृताला 'कालेय' म्हणत, 'कालखंड'ही म्हणत. कालखंड म्हणजे काळा तुकडा, कारण ते दिसतंच तसं, काळपट लाल. प्राकृतात त्याचं 'कालिज्ज' झालं आणि आपल्याकडे येईपर्यंत 'काळीज'. पण वाटेत ते पोटातून छातीत चढलं. माणसाचं धाडस, माया, दुःख हे सगळं त्याच्यावर लादलं गेलं. "ठोका चुकतो तो हृदयाचा, आणि नाव काळजाचं. काळीज बिचारं ठोकेच देत नाही," सर म्हणायचे. "मूळ अर्थ फक्त खाटकानं सांभाळला. त्याच्याकडे कलेजी मागा, तो छातीकडे बघणारसुद्धा नाही." 'काळजी' हा शब्दही याच घरातला असावा, असं त्यांचं मत होतं. त्यावर मात्र ते 'असावा' असंच म्हणत. ठाम बोलायलाही ते घाबरत.

त्या तासाचा शेवट ठरलेला असे. "माणसानं काळीज हलवलं, कारण त्याला भीती जिथे जाणवली तिथे त्यानं ते नेऊन ठेवलं. आता तुम्ही सांगा, तुम्हाला भीती कुठे वाटते? हात ठेवून दाखवा." कुणी गळ्यावर हात ठेवी, कुणी पोटावर, कुणी गुडघ्यावर. हसाहशी व्हायची. सर कुणालाच चूक म्हणत नसत. "जागा सापडली की अर्धं काम झालं. बिनजागेची भीती फार वाईट," एवढंच सांगत.

माझी पाळी आली ती गिरणीसंपाच्या दिवसांत. संप कधीचाच लांबला होता आणि तो कधी मिटेल हे विचारायचंही लोकांनी सोडलं होतं. आमची आई गिरणीत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांना जेवू घालायची. तिची खानावळ रिकामी झाली, कारण जेवणारे सगळे कोकणात आपापल्या गावी निघून गेले. जे राहिले ते दिवसभर नाक्यावर बसून असत. गुपचूप कामावर गेलेल्या एकाला आमच्याच चाळीच्या जिन्यात गाठून मारलं होतं. तेव्हापासून जिन्यात पावलं वाजली की आई हातातलं काम थांबवून ऐकत राही. गिरणी बंद पडल्यापासून बाबाही घरी बसून होते. ते प्यायला लागले होते, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. मग एका सकाळी बाबा चूळ भरून माझ्याकडे वळले, आणि त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"तुझी भीती कुठे?" सरांनी वर्गात मला विचारलं. मी उभी राहिले. हात कुठे ठेवावा ते कळेना. म्हणाले, "बाबांच्या डोळ्यांत." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला, आणि शाळा सुटल्यावर माझ्यासोबत आमच्या घरी आले. जिना अंधारा, वर कुत्रं बसलेलं. कठडा दोन्ही हातांनी धरून ते चढले.

बाबा भिंतीला टेकून बसले होते, गळ्यात काविळीची माळ. भायखळ्याच्या बाजाराजवळ एक म्हातारी कावीळ उतरवायची. कसल्याशा ओल्या मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठींनी गुंफून ती छोटीशी माळ करी आणि रोग्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवी. माळ आपोआप लांब होत जाई. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. बेंबीखाली गेली की कावीळ उतरली, असा हिशोब. चाळीत निम्म्या लोकांची कावीळ तिनेच उतरवलेली. बाबांची माळ गळ्यात आली होती, म्हणून आई खूश होती. पण बाबांचं जेवण सुटलं होतं. दिवसभर झोपायचे, आणि मधेच असंबद्ध काहीतरी बोलायचे. माळ खाली येत होती आणि बाबाही. हे मला दिसत होतं, पण सांगायचं कुणाला?

"परब, इस्पितळात जायला हवं," सर उभ्यानेच म्हणाले.

"कित्याक? माळ खाली येता हा मा?" बाबांनी डोळे उघडले. "माका काय्येक झालां नाय, मास्तरांनू. गिरणीवाल्याचां काळीज हा ह्यां." आणि छातीवर थाप मारली.

सर पुढे झाले. बाबांचा हात त्यांनी दोन बोटांनी धरला, छातीवरून उचलला आणि उजव्या बरगडीखाली ठेवला. "काळीज इथे आहे. आणि ते आजारी आहे."

बाबांनी हात झटकला. "शाळेतलां शाळेत ठेवा."

"मास्तर, हे बोलले ते..." आई मधे पडायला गेली. पण तोवर सर जिन्यावर पोहोचलेसुद्धा होते. खाली त्यांना गाठलं तेव्हा ते बसथांब्याकडे जवळजवळ पळतच होते. मला वाटलं, झालं, आता हे परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते डोक्यावर माळ घालून. ओल्या मुळ्यांचा तो लहानसा मुकुट, खाली चष्मा, इस्त्रीचा सदरा. वर्गात हशा फुटला. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक होता, माळ मात्र डोक्यावर तशीच. भायखळ्याच्या त्या म्हातारीकडे जाऊन त्यांनी आपल्यालाच कावीळ झाल्याचं सांगितलं होतं. तिने डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "लई चढलीय बाबा तुला." हे सांगताना सर स्वतःच गडबडले. "खरंच झाली नसेल ना गं? बघ जरा, डोळे पांढरेच आहेत ना?" त्यानंतर रोज तास सुरू करण्याआधी ते खिडकीपाशी उभे राहून मला डोळे दाखवत.

शाळा सुटल्यावर मुद्दाम लालबागच्या नाक्यावरून जात. तिथे बसलेल्या रिकाम्या माणसांना बऱ्याच दिवसांनी काही मिळालं. "मास्तर, लग्न ठरलं काय? नवरी कुठली?" "अरे, मुंडावळ्या राहिल्या की यांच्या!" कुणी शिट्टी मारी. सर मान खाली घालून, पिशवी छातीशी धरून, भरभर चालत. पण चालत त्याच रस्त्याने. माळ कानांवर आली, मग गळ्यात, मग सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर. घरी बाबांचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत होतं. मला शाळेत जायची भीती वाटे, कारण परत येईन तेव्हा काय दिसेल ठाऊक नव्हतं.

मग सर पुन्हा जिना चढून आले. या वेळी कुत्र्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बाबांसमोर मांडी घालून बसले. दोघांच्या छातीवर माळा, अगदी एकाच उंचीवर.

"परब, बघा. माझी तुमच्याइतकीच उतरलीय. तुमच्यामागून घातली तरी."

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "तुमकाय झाली?"

"मला झालीच नव्हती. डोळे बघा माझे."

बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"मग उतरलां काय?" बाबांनी विचारलं.

"दोरा." सरांनी आपल्या माळेतली एक काडी दाखवली. "ओली असते तेव्हा जाड असते. वाळली की आकसते, गाठ सैल होते, दोरा सुटत जातो. माळ घड्याला घातली असती तरी उतरली असती."

एखादा दुसरा असता तर आवाज चढवून बोलला असता. सर हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखे बोलले. कदाचित म्हणूनच बाबांनी ऐकलं. ते आईकडे बघेनात, माझ्याकडेही नाही. सरांच्या माळेकडे बघत म्हणाले, "माका भय वाटता, मास्तरांनू. थयसून परत येवक नाय तर ह्या दोघींचां काय?"

माझ्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आईनेही.

"मलाही वाटतं," सर म्हणाले. "इस्पितळाच्या वासानंच मला घेरी येते. चला, दोघे घाबरत जाऊ."

शेजाऱ्यांनी बाबांना खाली उतरवलं, टॅक्सीत बसवलं. इस्पितळाच्या दारात वॉर्डबॉयने दोघांच्या छातीवरच्या माळा पाहिल्या आणि विचारलं, "यातला पेशंट कोण?" आई त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि लगेच रडली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर बरंच खराब झालंय, आणखी थांबला असतात तर हाताबाहेर गेलं असतं. सर माझ्या कानात कुजबुजले, "बघ, काळजाला आणखी एक नाव मिळालं."

बाबा वाचले. पूर्वीसारखे झाले नाहीत. त्यांची गिरणीही पूर्वीसारखी झाली नाही. पुढे भायखळ्याच्या बाजारात त्यांनी भाजीची पाटी लावली. पिणं सुटलं, अधूनमधून घसरलं, पुन्हा सुटलं. माझी नोकरी लागलेली त्यांनी पाहिली. गिऱ्हाइकाशी बोलताना कधीतरी छातीवर थाप मारायला हात उचलत, मधेच थांबत आणि उजव्या बरगडीखाली खाजवल्यासारखं करत. मी बघतेय हे त्यांना माहीत असे.

माझं आयुष्य कामांच्या याद्या करण्यात गेलं. घरची आजारपणं, कार्यालयातली संकटं, मुलांच्या परीक्षा, सगळ्याची आधी यादी. पण यादीच्याही आधी मी एक गोष्ट करते. दार लावते आणि भीती कुठे आहे ते हाताने शोधते. सापडली की पेन उचलते.

सरांना शेवटचं भेटले ते फणसवाडीत, त्यांच्या पुतण्याच्या खोलीत. खाटेवर पडून होते, आवाज बारीक झालेला. मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "सर, आम्हा सगळ्यांना विचारायचात, स्वतःचं कधी सांगितलं नाहीत. ती माळ घालून लालबागच्या नाक्यावरून जायचात, लोक हसायचे, तेव्हा तुम्हाला भीती कुठे वाटायची?"

"लोकांची नाही गं वाटली," ते म्हणाले. "माळ उतरायच्या आत तुझे वडील गेले तर, याची वाटायची. मी त्या दोऱ्याला रात्रंदिवस म्हणायचो, लवकर सुट रे बाबा."

"पण कुठे?"

त्यांचा हात आधी सगळ्यांसारखा छातीकडे गेला. तिथे थांबला नाही. सावकाश खाली आला आणि उजव्या बरगडीखाली टेकला.

मी त्या हातावर माझा हात ठेवला. तिथे ठोका नसतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. तरी पुतण्या चहा घेऊन येईपर्यंत मी हात काढला नाही.