बेलार्मिनोने पाठवलेला वाटा

बेलार्मिनो तोश्तइतका सरळ आणि तितकाच बावळट माणूस आमच्या तेर्सेरा या पोर्तुगीज बेटावर दुसरा झाला नाही. चाळीस वर्षं त्याची शेजारीण आहे मी, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे. तो अमेरिकनांच्या विमानतळावर न्हावी होता. पोर्तुगीज असो की अमेरिकन, प्रत्येक अधिकारी मान त्याच्या हातात द्यायचा. एकाचं बोलणं त्याने कधी दुसऱ्याच्या कानावर घातलं नाही.

बासष्ट सालच्या जूनमध्ये मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अंगोला या आमच्या वसाहतीतली लढाई वर्षभर चालली होती आणि गावची नऊ पोरं तिकडे सैन्यात होती, त्यात बेलार्मिनोचा जेर्मानोही. एकमेकांच्या रक्षणाच्या आणाभाका घेऊन अमेरिकेने जगाच्या सभेत अंगोलाच्या प्रश्नावर आमच्या विरोधात मत दिलं, म्हणून लिस्बनमधल्या आमच्या सरकारचं डोकं फिरलं होतं. अमेरिकेला विमानतळ वापरू द्यायचा करार वर्षाअखेर संपत होता. तो वाढवायचा की नाही, यावर बोलायला दोन्हीकडचे साहेब बेटावर आले. करार मोडला की बेलार्मिनोची खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीवर सात तोंडं जेवत होती.

नेमकी त्याच वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाची चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली. म्हणजे वर्षाचा सम्राट, सणाचा यजमान तोच, चांदीचा मुकुट त्याच्याच घरी. सम्राटाच्या दारी येईल त्याला जेवण. ज्याला येता येत नाही, त्याला घरपोच वाटा: कच्चं मांस, पाव, वाइनची बाटली. हा वाटा गोरगरिबांकडे, म्हाताऱ्यांकडे, आजाऱ्यांकडे, विधवांकडे जातो.

या शहाण्याने तो दोन्ही साहेबांकडे पाठवला.

"अरे, तो भिकाऱ्यांना देतात!" मी कपाळावर हात मारला.

"बैठकीतून सुटका नाही त्यांची, देओलिंदामावशी. उपाशी राहतील बिचारे."

अमेरिकन साहेब सणाच्या रविवारी हसत हसत आले आणि पुदिना घातलेल्या रश्शाचा दुसरा वाडगा घेऊन बसले. मग दारात काळी गाडी थांबली. लिस्बनचे साहेब डॉक्टर लेन्काश्त्रे उतरले; आमच्याकडे पदवीवाल्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणतात. चेहरा लालबुंद, आणि काखेत आमचाच पाव.

"सम्राट कोण इथला?"

"मी, डॉक्टरसाहेब." बेलार्मिनो हातातलं भांडं घेऊनच पुढे झाला.

"मला भीक पाठवतोस? या अमेरिकनांसमोर? उद्यापासून विमानतळावर दिसायचं नाहीस!"

सगळ्यांचे चमचे थांबले. इदालिनाने, त्याच्या बायकोने, हातातली पळी खाली ठेवली. 

बेलार्मिनो पांढराफटक पडला होता. तरी म्हणाला, "भीक नव्हे, साहेब. मागणं असतं त्याला वाटा जातो. तुम्ही काही मागायला आलात, हे साहेब काही मागायला आलेत. माझंही मागणं आहे, माझा जेर्मानो अंगोलात आहे. आम्हीही तेच मांस खातोय."

 डॉक्टरांनी टोपी काढली.

"कुठे आहे तुझा मुलगा?"

"लुआंडाच्या उत्तरेला कुठेतरी. मार्चनंतर पत्र नाही."

"माझाही तिकडेच," डॉक्टर म्हणाले. "पत्र माझ्याकडेही नाही."

मग तो एवढा मोठा माणूस आमच्या मातीच्या जमिनीवर गुडघ्यांवर बसला. मुकुट डोक्यावर घेऊन मागणं मागायची आमची रीत त्याला ठाऊक होती. आजोळ आमच्याच बेटावरचं, हे मागाहून कळलं. बेलार्मिनोने हात पुसले आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. अमेरिकन साहेब वाडगा ठेवून उभे राहिले. मी ढसाढसा रडले, आणि रडताना बरंही वाटलं.

डॉक्टर त्या अमेरिकनाशेजारीच जेवायला बसले. करारावर त्या वर्षी सही झाली नाही, पण तो मोडलाही नाही. विमानं उतरतच राहिली. मात्र ते सगळं नंतरचं. त्या दुपारी निघताना डॉक्टर बेलार्मिनोला म्हणाले, "उद्या सकाळी सातला येतो. दाढी करायचीय."

इदालिनाचा जीव भांड्यात पडला. बेलार्मिनोने मान खाजवली.

"या की साहेब. पण सातला यांचा नंबर आहे," तो अमेरिकनाकडे बोट दाखवत म्हणाला. "तुम्हाला थोडं थांबावं लागेल."