भर दुपारी बॅटरी चार्ज होईना

ऊन डोक्यावर होते आणि आमच्या सोलर घराची बॅटरी भरत नव्हती.

मी बुलढाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवतो. फायनल इयरच्या मुलांनी वर्षभर खपून कॅम्पसच्या कडेला छोटे घर उभे केले होते. मातीच्या दाबून केलेल्या विटा, वर टिनाचे छप्पर आणि त्यावर पॅनल. बाहेरून लाइट घ्यायची नाही, ही त्यांचीच अट. घर नुसते दाखवायला नव्हते. आमचे वॉचमन गजाननभाऊ आणि त्यांच्या मंडळी तिथे राहायला येणार होते. सोमवारी उद्घाटन. आणि पंखा दिवेलागणीलाच बंद पडत होता.

सगळ्यांनी बॅटरीवर खापर फोडले. तपासली, तर ठणठणीत. मग ऋतुजाने पॅनलचे रीडिंग घेतले. ही जवळच्याच देऊळघाट गावची, बोलायला रोखठोक.

‘सर, सकाळी बराबर हाय. ऊन तापलं का व्होल्टेज घसरून राह्यलं. असं काऊन?’

‘पॅनलला उजेड लागतो, ताप नाही,’ मी म्हणालो. ‘पॅनल तापलं की व्होल्टेज पडतं. खालच्या टाकीतलं पाणी आपोआप वरच्या टाकीत चढत नाही ना? तसंच. बॅटरीपेक्षा पॅनलचं व्होल्टेज वर असेल तरच ती भरते.’

पॅनल टिनाला चिकटवून बसवले होते. खालून वारा जायला जागाच नव्हती. हे डिझाइन त्यांच्यातल्याच प्रथमेशचे. छप्पर सपाट, देखणे दिसावे म्हणून.

‘वर उचलले तं मचाणावानी दिसन, सर!’ तो कळवळला.

‘एक उचलून तं पाहू,’ ऋतुजा म्हणाली.

एक पॅनल विटांवर ठेवले. दुसऱ्या दुपारी प्रथमेशने स्वतः मीटर लावला. उचललेल्या पॅनलचे व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा जास्त होते. त्याने पुन्हा मोजले. मग बाकीच्या पॅनलचे बोल्ट सोडवायला पाने आणायला गेला.

प्रिन्सिपॉल आले ते सगळे पॅनल जमिनीवर पाहून हादरले. ‘अहो, सोमवार तोंडावर आलाय! मेन बिल्डिंगमधून एक वायर ओढा. कोणाला कळणार आहे?’

‘गजाननकाकाले समजन ना, सर,’ प्रथमेश म्हणाला. ‘त्यायले तं इथंच राहायचं हाय.’

‘रविवार संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे,’ प्रिन्सिपॉल एवढेच म्हणाले आणि गेले.

मुलांनी वर्कशॉपमध्ये लोखंडी अँगल कापले, वेल्डिंग केले आणि खाली वारा खेळेल अशा बेताने पॅनल पुन्हा चढवले. रविवारी दुपारी बॅटरी फुल झाल्याचा हिरवा दिवा लागला. मुलांनी एवढा आरडाओरडा केला की हॉस्टेलमधून पोरे धावत आली. तापलेले पॅनल टिनापासून सुटल्यामुळे खोलीही गार झाली. हा फायदा कोणी आखलेला नव्हता. श्रेय मात्र सगळ्यांनी घेतले.

सोमवारी एका पाहुण्याने विचारले, ‘हे पॅनल असे उंच का?’ प्रथमेशने त्यांना शिडीवर चढवूनच समजावले. तोवर गजाननभाऊंच्या मंडळींनी आत चहा टाकला होता.

आता प्रत्येक बॅचला मी एकच सांगतो. कागदावरच्या छपराला ऊन लागत नाही. खरे छप्पर कसे तापते, ते भर दुपारी वर चढून बघावे.