पठारावरची न दिसलेली गाडी

“बाजूले व्हा! ओ सायकलवाले, बाजूले व्हा! गाडी येऊन राह्यली!”

कपाशीच्या वावरातून एक बाई हात वर करून ओरडत होती. मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मुरमाचा लाल रस्ता दोन्हीकडे आभाळाला टेकेपर्यंत रिकामा... गाडी सोडा, गाडीची धूळसुद्धा नाही. पण माझी मुलगी प्राची तोवर सायकल टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. पांढरीफटक. झालं! इतक्या दिवसांची मेहनत त्या एका आरोळीत वाहून गेली.

आता नीट सांगतो. मी आदिलाबादला बस डेपोत कंट्रोलर आहे. अमावस्येच्या गाड्याही मीच सोडतो आणि त्या व्यवस्थित पोचतात, त्यामुळे भूत-चकवा असल्या गोष्टींना मी कधी फलाटावर उभं केलं नाही. हां, मी वाढवून सांगतो हे खरं. माझा आवाज असा की मी माईकवर गाडी पुकारली की पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रातले प्रवासी पिशव्या उचलतात. डेपोत माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून घ्यायची पद्धत आहे. तुम्हीही घ्या, हरकत नाही. पण उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मला कोणीतरी सांगा... मी आता विचार करून करून दमलोय.

प्राची सोळा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ट्यूशनहून येताना हायवेवर तिच्या मागून लॉरी आली. धडक म्हणावी अशी नाही — लॉरीच्या कडेचा आकडा हँडलला अडकला, एवढंच. हात मोडला, तो जुळला. सायकल मात्र सुटली ती सुटलीच. मोठी गाडी दिसली की पोरगी जागच्या जागी थिजायची. रस्ता ओलांडताना माझी बाही धरायची. जी मुलगी पूर्वी माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच बसेसना कट मारायची, ती! पुढे तिला बासरच्या इंजिनियरिंग कॅम्पसला शिकायला जायचंय. आता बापाची बाही कापून बासरला कशी पाठवणार?

डॉक्टर म्हणाले, जिथे गाड्या नाहीत अशा जागी आधी चालवू द्या. मग मी पेटलो. हैदराबादच्या एका इंजिनियरकडून दोन जुन्या ग्रॅव्हल बाईक आणल्या — मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल, जाड टायर, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. आणि जागा निवडली बाजारहत्नूरच्या वरचं पठार. मैलोन् मैल मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी नाहीतर ज्वारी, मधेच एखादं पळसाचं झाड. बस नाही, लॉरी नाही, काही नाही. “एक जरी गाडी दिसली तर मिशी काढीन,” असं मी घरी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

(दिसली नाही. त्यामुळे मिशी आहे.)

मेव्हण्याच्या टेम्पोतून सायकली घाटाखाली नेल्या. घाट चढताना माझे गुडघे असे वाजत होते की झाडावरची वानरं खाली बघायला आली. वर पोचलो आणि प्राची बसली सायकलवर. आधी लटपटत, एक पाय जमिनीला घासत. मग दोन्ही पाय पेडलवर. मग ब्रेकवरची बोटं सुटली... आणि काहीतरी गुणगुणायलाही लागली. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं ते. मी मागून नुसता तिच्या पाठीकडे बघत पेडल मारत होतो. तेवढ्यात ती आरोळी.

मला राग आला. सायकल ओढत मी बांधापाशी गेलो.

“ओ बाई, काऊन भेव दावून राह्यल्या पोरीले? कुठं हाये गाडी?”

“येऊन राह्यली न भाऊ.”

“कुठून?”

“खालून.”

“मले तं दिसत नाही!”

“नाहीच दिसत,” ती म्हणाली, जशी ज्वारीला कणीस असतं हे सांगावं तशी. पन्नाशीची बाई, पोटाशी बांधलेली ओटी कापसाने टम्म फुगलेली. “तुमी बाजूले व्हा अगुदर. मंग भांडा.”

एवढ्यात पुढच्या वावरातून एक बैलगाडी रस्त्यावर चढली. हाकणाऱ्या म्हाताऱ्याने कासरा ओढलाही नाही. बैलच आपणहून खाली उतरले आणि वावराच्या बांधावर जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं. ते उठलं, जांभई दिली, कडेला आलं आणि पुन्हा झोपलं. कोणाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. कंटाळा होता. फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत लोक थांबतात ना, तसा.

“बाबा, तुम्ही पण या इकडे,” प्राची म्हणाली.

मी काय करायला हवं होतं ते आज कळतं. पण तेव्हा वाटलं, आत्ता हिची भीती मोडली नाही तर पुन्हा कधीच मोडणार नाही. मी माझी सायकल उचलली, रस्त्याच्या ऐन मधे आडवी टाकली आणि कडेला येऊन छाती काढून उभा राहिलो. “बघ. काही येत नाही. हे लोक उगाच—”

“उचला भाऊ ते सायकल,” बाई म्हणाली. “नुकसान होईन.”

आवाज आला नाही. हे निम्म्यात धरू नका. मी डोळे मिटून सांगतो कुठल्या डेपोची गाडी आहे आणि ड्रायव्हर जेवलाय की नाही. पण तिथे कानाला काही म्हणजे काहीच नाही. आधी पायाखालचा मुरूम थरथरला. मग गरम हवेचा धक्का, इंजिनाजवळ बसतो तसा. रस्त्याकडची कपाशी ओळीने वाकत आमच्यापाशी आली आणि वाकतच पुढे गेली. आणि मग ती ओढ... भरलेली लॉरी अंगाजवळून गेली की मागची हवा माणसाला रस्त्यात खेचते, ती. ज्याने एकदा अनुभवलीय तो विसरत नाही. माझी टोपी उडाली आणि गरागरा फिरत रस्त्याच्या मधे जाऊन पडली.

“लोडेड होती,” मी म्हणालो. का म्हणालो, मला माहीत नाही. नोकरीची सवय.

सायकलचं पुढचं चाक चपटं झालं होतं. नुसतं वाकडं होऊन आऊट नाही, चपटं. आदिलाबादच्या सायकलवाल्याने नंतर बघितलं आणि विचारलं, “साहेब, कोन्त्या गाडीखाली टाकली?” मी ट्रॅक्टरचं नाव सांगितलं. ती रिम अजून माझ्या घरी आहे, ज्याला बघायची त्याने यावं.

मी तसाच उकिडवा बसलो. डोक्यात एकच — संपलं. जिथे काहीच येणार नाही म्हणून पोरीला आणलं, तिथे हे आलं. आता ही आयुष्यभर सायकलला हात लावायची नाही, बासर नाही, काही नाही.

प्राचीने त्या बाईचा हात धरला होता. तिने विचारलं, “गेली?”

“गेली पोरी. जाय आता.”

आणि प्राची गेली! सायकल उचलली, बसली, निघाली. मी हाका मारल्या, ती थांबली नाही. रस्त्याच्या मधून, सरळ, पेडलवर उभी राहून. मला उठवेना म्हणून मी बाईलाच विचारलं, “हे काय हाये? तुमाले कसं समजते?”

“खालच्या वावरातले वरडते. त्याईचं आयकून आमी वरडतो. आमचं आयकून वरचे.”

“अन् सगळ्यात खालचे?”

“त्याईले इचारा न.”

“पन असं कसं, मावशी? इथं तं गाड्या येतच नाही!”

ती पुन्हा कापूस वेचायला लागली होती. “रस्ता हाये म्हनल्यावर गाड्या येनारच,” म्हणाली.

मोडकी सायकल खांद्यावर घेऊन मी पोरीच्या मागे निघालो. प्राची पुढे, ठिपक्याएवढी. वाटेत पुन्हा आरोळी आली, या वेळी कुठल्यातरी पुरुषाची, लांबून. मी पाहिलं — तो ठिपका शांतपणे उतरला, कडेला गेला, एका गुराख्याशेजारी पाय टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा चढला आणि चालायला लागला. आणि मी? माझं काय विचारता... मी सायकलसकट कपाशीत उतरून उभा होतो. कोणी सांगायच्या आत.

डेपोतल्या एका शिकलेल्या मेकॅनिकने मला समजावलं — वावटळ, उष्ण हवा, पठाराचा उतार. त्याच्या हिशेबात टोपी उडते. चाक बसत नाही. मी अजून दोन-चार जणांना विचारलं, मग सोडून दिलं. रात्री गाड्या पुकारून घरी येतो तेव्हा इतका थकलेला असतो की उत्तर मिळालं तरी माझ्याने ऐकवणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बघतो तर प्राची अंगणात टायरमध्ये हवा भरतेय. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसलो. म्हटलं, “बेटा, मी दुसरी जागा शोधतो. जिथे खरंच काही येत नाही अशी. पठारावर तर हायवेपेक्षा वाईट आहे... दिसतसुद्धा नाही.”

तिने पंप काढला, टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

“तिथं आधी सांगतात तरी,” ती म्हणाली.