ओव्हरहेड कुणाच्या माथी

“आजी, तेवढं चहाचं बघा.”

साहेब भरल्या बैठकीत म्हणाले. टेबलावर मीच तयार केलेले खर्चाचे तक्ते होते. त्यांवर बोलायला मी नुकतं तोंड उघडलं होतं.

साहेब म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, पुण्याचे. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या या टाक्यांच्या कारखान्यात मी कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, बघते. शेजारी अर्बाब बसले होते, ओमानी मालक. त्यांना मराठी येत नाही. म्हणून साहेब मला बोलायचे ते हसून, मराठीत.

पोरांनो, प्रकरण समजून घ्या. आम्ही प्रत्येक ऑर्डरचा खर्च वेगळा काढतो. एका टाकीला पत्रा किती लागला, मजुरी किती, हे सरळ कळतं. पण वीज, शेडचं भाडं, यंत्रांची झीज? हा ओव्हरहेड सगळ्या ऑर्डरींवर वाटावा लागतो. आमच्याकडे तो मजुरांच्या तासांवर वाटतात. सगळं काम हाताने व्हायचं, तेव्हाची ही पद्धत. पुढे कटिंगची मोठी यंत्रं आली. वीज खातात ती, आणि खर्च चढतो हाताने वेल्डिंग करणाऱ्यांच्या ऑर्डरींवर. त्यामुळे वेल्डिंग तोट्यात दिसत होतं. तेवढ्यावर साहेब तो विभाग बंद करून माणसं घरी धाडणार होते.

चहाला मी उठले नाही. म्हटलं, विजेचा आणि झिजेचा खर्च यंत्रांच्या तासांवर टाका.

साहेब हसले. “तुमच्या लोकांना जिथे तिथे अन्यायच दिसतो. सवलतीवर पास झालात, आता आम्हाला कॉस्टिंग शिकवणार?”

मी पहिल्यांदा चौदा एप्रिलच्या जयंतीला रजा घेतली, तेव्हापासून त्यांना माझी जात ठाऊक होती. अर्बाबना वाटलं, काही गंमत चालली आहे. तेही हसले.

असलं बोलणं मी वर्षानुवर्षं गिळलं. व्हिसा कंपनीच्या हातात, वाद कशाला. पण ज्याला काही कळलंच नाही, तोही मला हसला. ते नाही गिळवलं.

मी उभी राहिले. साहेबांचं वाक्य शब्दाला शब्द इंग्रजीत करून अर्बाबना सांगितलं. चहाचंही सांगितलं. मग तक्ता पुढे ओढून खर्चाची वाटणी समजावली. आवाज चढवला नाही.

अर्बाब खाली बघत म्हणाले, “खलास, पुरे आता. पुढच्या बैठकीत बघू.”

दुसऱ्या दिवशी साहेब मजुरांच्या तासांवर वाटणी केलेला जुनाच तक्ता घेऊन माझ्या टेबलाशी आले. “सही करा मॅडम, विषय संपवू.”

नाही केली. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली. पुढची बैठक मला न बोलावता झाली. वेल्डिंग बंद झालं, माणसं गेली. माफी कुणी मागितली नाही.

शेडचं भाडं मात्र कुठेच गेलं नाही. वेल्डिंगवरचा बोजा आता रंगकामावर चढला आहे. तेही हाताचंच काम, मजुरांचे तास आता तिथेच जास्त. आता रंगकाम तोट्यात दिसतंय, आणि साहेबांनी त्यावर बैठक लावली आहे. मला बोलावणं नाही.

मी जाणार आहे. दारात अडवलं, तर दारातूनच बोलेन.